पाणी कोणत्या वाराला येतं?

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय भुवी,

हे पत्र तुला भाकरीच्या डब्यात सापडेल, सगळ्यात खाली, शेंगाचटणीच्या पुडीखाली. कागदाला तेल लागलं असेल तर चटणीला शिव्या दे, मला देऊ नकोस. आमची कोकण सहलीची बस सांगोल्यात थांबते तेव्हा स्वयंपाकाच्या रंभाबाई उतरून तुमच्याकडे डबा देऊन जातात, हे अत्तींनी सुरू केलंय. व्याह्यांचं घर आता दुसऱ्यांदा व्याह्यांचं होणार म्हणून ह्या माझ्या सासूबाईंना भाकऱ्यांची उदारता सुचली आहे. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तेव्हा कधी एक तुकडा गेला नव्हता तिकडे.

फोन का केला नाही, असं म्हणशील. आमच्याकडचा फोन धंद्याचा. त्यात बोललेलं सगळं आपोआप साठतं आणि बुकिंग तपासायचं म्हणून शिवूभावजी ते रोज कान लावून ऐकतात. तुझा फोन अप्पा उचलतात आणि उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकतात, अव्वाला ऐकू जावं म्हणून. आपल्या दोघींचं बोलणं म्हणजे ग्रामसभा. मग राहिला कागद. शाळेत निबंधाला मला बरे गुण पडायचे, ते आता कुठे कामाला येताहेत.

तर अप्पांचा निरोप परवा आला. ‘भुवी शिवूला हो म्हणाली. पाडव्याला सुपारी फोडू.’ घरात एकदम सणासारखं झालं. अत्तींनी ट्रंकेतली इरकल साडी उन्हात टाकली, शिवूभावजी त्याच दिवशी केस कापून आले. आणि अत्ती सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, ‘धाकली आली की तू जा की गं समुद्राला. एकीनं दिवा राखावा, एकीनं हिंडावं. बारी बारीनं.’ मला आनंद झाला, भुवी. खोटं कशाला बोलू? इतका झाला की भाकरी थापता थापता फाटली आणि मी तशीच तव्यावर टाकली. त्या आनंदाचं काय करायचं हे मला दोन दिवस कळत नव्हतं.

माझं इथलं काम तुला नीट ठाऊक नाही. जत्रेला येतेस, जेवतेस, जातेस. आमच्या देव्हाऱ्याच्या शेजारी भिंतीत एक प्लग आहे. फोनची बॅटरी गेलेली, तो सतत वायरवर. वायर जेवढी लांब तेवढीच माझी बैठक. त्या वायरीच्या टोकाशी बसून मी सोलापूर, माढा, बार्शी इकडच्या माणसांना कोकण दाखवते. खिडकीतून समोरच्या यंत्रमागवाल्याची भिंत दिसते, दिवसभर खटखट चालू असते, आणि मी फोनवर सांगत असते: सकाळी गाडी घाट उतरली की हवा ओली लागायला लागते, मग सुपारीची झाडं, मग कौलारू घरं, मग एका वळणावर एकदम निळं. देवगडला पवनचक्क्या आहेत. विजयदुर्गाला पाण्याखाली दडवलेली भिंत आहे, शत्रूची गलबतं तिच्यावर आपटून फुटायची म्हणतात. तिथंच साहेबाचे कट्टे आहेत, त्यावर बसून गोऱ्या साहेबानं सूर्यग्रहण पाहिलं होतं. मालवणहून होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ला. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा तिथं जपून ठेवलाय. आणि चारी बाजूंनी खारट समुद्र असताना किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. हे सांगताना माझा आवाज दर वेळी खाली येतो. माढ्याच्या एका हेडमास्तरांनी विचारलं, ‘बाई, तुम्ही मूळच्या तिकडच्याच का?’ मी म्हटलं, होय. आमच्या लोकांनी इतक्या खेपा केल्या, त्या सगळ्यांचं पाहून झालेलं मी गोळा करून ठेवलंय. फक्त समुद्र मी पाहिलेला नाही.

आता हसायचं कारण देते. कुणकेश्वरला महादेवाचं देऊळ अगदी वाळूला लागून आहे आणि समुद्रातल्या खडकांवर पिंडी कोरलेल्या आहेत. आपल्या माणसांना कोकणात दुसरं काही नाही दिसलं तरी चालेल, त्या पिंडी दिसल्या पाहिजेत. पहिली खेप शिवरात्रीला गेली, लोक परत येऊन म्हणाले, सांच्याला पिंडी दिसल्या. दुसरी त्रिपुरी पौर्णिमेला, तेव्हाही सांच्याला दिसल्या. मी सगळ्यांना छातीठोक सांगायला लागले, पिंडी संध्याकाळी दिसतात. मग नाताळच्या सुटीतली खेप नेमकी अष्टमीला पडली. संध्याकाळी फोन. मागं माणसांचा नुसता गलका. ‘बाई, हितं नुसतं पानीच पानी हाय. पिंडी कुटं हायत?’ माझ्या डोळ्यांसमोर सिद्धेश्वराचं तळं. पाऊस झाला की चढतं, उन्हाळ्यात उतरतं, बाकी जागच्या जागी. पाऊस नसताना हिवाळ्यात पाणी चढलं कसं? मी लगेच तिथल्या खानावळवाल्यांना फोन लावला आणि आवाजात अधिकार आणून विचारलं, तुमच्याकडे पाणी कोणत्या वाराला येतं?

आपल्या गावाची सवय गं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्या दिवशी गल्लीभर घागरी, वार चुकला की कपाळाला हात. मला वाटलं, समुद्राचंही कुणीतरी सोडत असेल. त्या माणसाला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग कळल्यावर तो इतका हसला की बायकोला बोलावून त्यानं पुन्हा विचारायला लावलं. ‘वारान् नाय गे बाये,’ तो म्हणाला, ‘दिसाक दोनदा येता आणि दोनदा जाता.’ त्यानं मला तिथीवरून भरती-ओहोटी काढायला शिकवलं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी ओसरलेलं, अष्टमीला संध्याकाळी भरलेलं. तेव्हापासून मी कॅलेंडर बघून खेपा बांधते आणि मोईन, आमचा ड्रायव्हर, मला ‘समुंदरवाली भाभी’ म्हणतो. त्या रात्री मात्र मला हसू येत नव्हतं. दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, आणि आपल्याला एवढंही माहीत नाही, याची लाज वाटत होती.

मी का गेले नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटत असेल, अत्ती खाष्ट. तसं नाही, किंवा नुसतं तसं नाही. आमच्या घरात नेम आहे. घरातला पुरुष गाडीवर गेला की सुनेनं समई लावायची आणि गाडी पेठेत परत येईपर्यंत ती विझू द्यायची नाही. ज्या हातानं लावली त्या हातानंच तेल घालायचं आणि तोवर रात्रीला दुसऱ्या घरी राहायचं नाही. मोलाची बाई चालत नाही, लेक चालत नाही, सूनच लागते. माझे सासरे चनबसप्पा ट्रक चालवायचे. एकदा ते खेपेवर असताना अत्ती अक्कलकोटला मावसबहिणीच्या लग्नाला गेल्या. तेलाचं शेजारणीला सांगून गेल्या होत्या. परत आल्या तर समई विझलेली, आणि दुसऱ्या दिवशी घाटात ट्रक उलटल्याची बातमी. शिवूभावजी तेव्हा रांगत होते. त्यानंतर अत्ती कुणाच्याही लग्नाला जाऊन जेवल्याचं मला माहीत नाही. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं, वाती वळता वळता, माझ्याकडे न बघता. त्यांचे गुडघे गेल्यापासून समई माझ्याकडे आली. आता खेपा इतक्या होतात की ही समई विझवायला मधे दिवसच सापडत नाही.

मोईनला हे सगळं ठाऊक आहे. तो एकदा दारात चहा पिता पिता म्हणाला, ‘भाभी, गाडी ब्रेकां पो चलती, दिये पो नै.’ अत्तींनी ऐकलं नाही हे नशीब. रंभाबाईंचं आणखी निराळं. त्या स्वयंपाकाला म्हणून प्रत्येक खेपेला जातात. नवरा गेला, सासर तुटलं, पोटाला म्हणून आमच्याकडे आल्या. एकदा त्यांनी माझ्यासाठी बाटलीतून समुद्राचं पाणी आणलं. मी बोट बुडवून चाखलं आणि थुंकले. त्या पोट धरून हसल्या, मग अचानक म्हणाल्या, ‘मी कुनाची सून न्हाय, म्हून मला दर्या घावला बग.’ ती बाटली मी अजून ठेवली आहे, पिठाच्या डब्यामागे. पाणी गढूळ झालंय.

आणि राहिले आमचे हे. तुझे भावजी वाईट नाहीत, तुलाही माहीत आहे. प्रत्येक वेळी आमसुलं आणतात, कधी शिंपले. मी विचारलं की म्हणतात, पुढच्या खेपेला बघू. हे ते मनापासून म्हणतात, म्हणून तर भांडता येत नाही. मी एकदा रडले तर बिचारे दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी फोनमध्ये लाटांचा व्हिडिओ भरून घेऊन आले. माणूस असा असला की राग कुठे ठेवायचा, सांग. मग तो राग मी पिठात मळते आणि भाकऱ्या कडक होतात. लोक म्हणतात, तुमच्या भाकरीला तोड नाही.

गड्ड्याच्या जत्रेत तू आली होतीस. आपण तळ्याच्या कठड्यावर भेळ खात बसलो होतो, अव्वा बांगड्या बघत होती. तू माझा हात धरलास आणि हळूच म्हणालीस, ‘अक्का, मी आले की तू सुटशील.’ मी तेव्हा विषय बदलला, तिखट लागल्याचं सोंग केलं. पण ते वाक्य मी घरी घेऊन आले. वायरीच्या टोकाशी बसून ते पुन्हा पुन्हा काढून बघत राहिले. तुझं ‘हो’ शिवूभावजींसाठी नाही. ते बरे आहेत, तंबाखूचा मावा खातात एवढंच, पण त्यांच्याविषयी तू एक अक्षर मला विचारलं नाहीस. त्यांना काय आवडतं, रागावतात का, काही नाही. तू फक्त विचारलंस, समई किती वेळ चालते.

तुझं मी बघते आहे ना. डाळिंबाच्या पॅकहाउसमध्ये तू नुसतं फळ हातात घेऊन सांगतेस, हे परदेशी जाईल, हे नाही. तुझी स्कूटी आहे. महूदच्या रस्त्याला तू ती एवढी जोरात हाणतेस की अप्पांकडे तक्रारी येतात. अत्तींनी आत्ताच म्हणून ठेवलंय, ‘लग्नानंतर कशाला ते डाळिंब निवडायला जायचं? घरात काय कमी हाय?’ स्कूटी इथं कोपऱ्यात उभी राहील आणि तिच्यावर वाळवणं पडतील. आणि वायरीच्या टोकाशी तू बसशील. बारी बारीनं.

आता जे झालं ते सांगते. हे कुणालाच माहीत नाही, म्हणजे अत्तींना सोडून. मागची खेप गेली होती तेव्हाची गोष्ट. दुपार होती, अत्ती भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. माढ्याचे ते हेडमास्तर फोनवर होते, एकामागून एक प्रश्न. दहीबावेचं पाणी पिता येतं का, होडीत म्हाताऱ्यांना चढता येतं का, उन्हात टोपी लागेल का. मी सांगत राहिले. फोन ठेवला आणि बघितलं तर समई विझलेली. धूरही संपलेला. कधी विझली देव जाणे. त्या वेळी आपली सगळी माणसं होडीत असणार, हे मला वेळापत्रकावरून पाठ. मी ह्यांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग उचलला, वैतागून. ‘होडीत बसलोय, काय काम हाय?’ मागून वारा येत होता, पाणी होडीला थापा मारत होतं, आणि रंभाबाई कशालातरी जोरजोरात हसत होत्या. सगळी सुखरूप. समई विझलेली आणि सगळी सुखरूप.

मी लगेच वात पेटवली नाही, भुवी. फोन कानाला लावून बसून राहिले, ते ‘हॅलो, हॅलो’ करत होते तरी. समुद्र ऐकत होते. त्या विझलेल्या समईसमोर बसून मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. मग काडी ओढली, पेटवली, मागे वळले तर अत्ती जाग्या. डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले. किती वेळच्या जाग्या होत्या, माहीत नाही. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली, बस. गाडी परत आली तेव्हा प्रत्येकाला उतरताना त्यांनी उंबऱ्यात बसून बघितलं, अगदी मोईनलासुद्धा. शेवटचा माणूस उतरला तशा त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला. ह्यांना वाटलं, गुडघे दुखताहेत.

मला आधी त्यांचा राग यायचा. आता वाटतं, माझी वायर दिसते तरी, त्यांची दिसतही नाही. दिव्यावर काहीच नसेल तर मग त्या अक्कलकोटच्या लग्नाला गेल्या त्याचाही काही दोष नव्हता. हे सुख आहे की त्याहून मोठं दुःख, मला सांगता येत नाही. इतकी वर्षं त्या उगीचच घरात बसल्या असं त्यांना कोण सांगणार? मी तरी नाही. त्या दुपारविषयी बोलायला तोंड उघडावं तर दोघींपैकी एकजण तेलाची बाटली शोधायला उठते. पण काल भाकऱ्या थापताना, अगदी सहज, त्यांनी मला विचारलं, ‘शिवरातीला तितं पानी कवा सरतं गं?’ इतक्या वर्षांत त्यांनी समुद्राविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, सांच्याला. त्या ‘व्हय?’ म्हणाल्या आणि पुढची भाकरी थापायला घेतली. आणि आज सकाळी त्यांनी वाती वळल्या. त्यांची बोटं वळत नाहीत, तरी वळल्या, आणि समईपाशी न ठेवता स्वतःच्या उशाला ठेवल्या. शिवरात्रीच्या खेपेला समई त्याच राखणार, हा मी लावलेला अर्थ बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. विचारलं तर त्या वाती परत माझ्या हातात देतील अशी धास्ती वाटते.

आणि म्हणून हे पत्र, भुवी. तू नाही म्हण. आजच, अप्पा जेवायला बसतील तेव्हा, पाडव्याची वाट न बघता. कारण विचारलं तर सांग, मला डाळिंबं सोडायची नाहीत. तेवढं कारण पुरेसं आहे आणि ते खरं आहे. अक्कासाठी म्हणून जो समुद्र तू मला देऊ बघतेस तो मला नको. तिथं उभी राहिले तरी मला इथल्या वायरीशी बसलेली तूच दिसशील, पाण्याकडे माझं लक्षच जाणार नाही. शिवरात्रीची खेप आदल्या दिवशी दिवेलागणीला इथून निघते, जेवायच्या वेळेला सांगोल्यात येते. डबा घ्यायला तू स्वतः थांब्यावर ये, अव्वाला पाठवू नकोस. ड्रायव्हरच्या मागची खिडकी बघ. ती जागा मी कुणाला दिलेली नाही, आणि पिशवीत एक लुगडं भरून ठेवलंय, पिठाच्या डब्यामागे, त्या बाटलीशेजारी. मी खिडकीत दिसले तर रडू नकोस, गाडी तिथं फार थांबत नाही. आणि दिसले नाही, ती जागा रिकामी दिसली, तर समज की उंबऱ्यापर्यंत येऊन मी परत फिरले. तेव्हा तुला माझी दया येईल, मी ओळखते तुला. तरीसुद्धा तुझं ‘नाही’ तू मागे घ्यायचं नाहीस. डबा घे, स्कूटीला अडकव आणि घरी जा.

तुझीच,
अक्का